पुढचा येईपर्यंत

३ नोव्हेंबर, मंगळवार

माझे नाव या वहीत लिहिण्याचे प्रयोजन नाही. वही माझी आहे आणि ती दुसऱ्या कोणी वाचायची नाही. पदे तेवढी नोंदवतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, एका शीतगृह कंपनीत लेखाधिकारी आणि आमच्या बंधुमंडळाचा पाळीप्रमुख. आज ज्या खोलीत बसून मी हे लिहीत आहे तेथे मी का आलो, यावर पुढे वाद होणार हे स्पष्ट दिसते. वाद सुरू झाला की माणसाची स्मरणशक्ती पक्षपाती होते. म्हणून वादाच्या आधीच लिहून ठेवतो.

नियम असा. मंडळातील कोणी भाऊ अंथरुणाला खिळला की त्याच्या उशाशी मंडळाचा एक माणूस सतत बसतो. यालाच आम्ही पाळी म्हणतो. पहिली पाळी पाळीप्रमुखाची. पुढचा भाऊ उंबरठा ओलांडून आत येतो, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "ऊठ भावा, आता मी बसतो." त्यानंतरच बसलेल्याने उठायचे. तोवर देहधर्मांपुरती सवलत सोडली, तर जागा सोडायची नाही. नुसते डोकावून जाण्यासाठी कोणी भाऊ आत येत नाही. उंबरठा ओलांडला की बसणे आले. माझ्या वडिलांच्या अखेरच्या दुखण्यात उशाजवळची खुर्ची क्षणभरही रिकामी राहिली नाही. मी तेव्हा परगावी होतो, पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते; शेवटची पाळी आजच्या अध्यक्षांची होती. ते उपकार मी विसरलेलो नाही.

आता प्रसंग. सकाळी एका बाईंचा फोन आला. "तुमचा तो रंगारी काल दवाखान्यातून घरी आलाय. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, एकट्याला ठेवू नका. मी खाली राहते, पण माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. जिन्याखाली भिंतीवर तुमचाच नंबर लिहिलाय, मोठ्या अक्षरात." या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते.

मी निघालो. वाटेत औषधविक्रेत्या भावाला पुढच्या पाळीची सूचना दिली. तो "येतो" म्हणाला.

रंगारी हा मला आवडणारा माणूस नाही, हे येथे स्वच्छ नोंदवतो. दुकानांच्या पाट्या आणि इमारतींचे कठडे रंगवणारा, साठीचा, तोंडाळ. मंडळात मला फूटपट्टी हे नाव त्यानेच चिकटवले. मला पाहताच तो धापा टाकत म्हणाला, "आलास? मोजमाप घ्यायला का? अजून आडवा नीट झालो नाही मी."

मी खुर्ची ओढून बसलो.

४ नोव्हेंबर, बुधवार

औषधविक्रेता आला नाही. दुपारी अध्यक्षांचा फोन आला.

"तू तिथे बसलायस असं ऐकलं. खोटं असेल म्हणून विचारतो."

"खरे आहे."

"अरे, ठराव विसरलास? तूच तर लिहिलास!"

विसरलेलो नाही. गेल्या महिन्यात मंडळाने रंगाऱ्याकडे पाठ फिरवली. अध्यक्ष व्यवसायाने ठेकेदार आहेत. त्यांनी बांधलेल्या इमारतीच्या जिन्याचा कठडा निखळला आणि एक बाई खाली पडली. तिची कंबर कायमची गेली. सरकारी चौकशीत रंगाऱ्याने सर्वांदेखत सांगितले की कठडा आधीपासून सैल होता आणि ठेकेदाराला ते ठाऊक होते. भावाने भावाविरुद्ध परक्यांपुढे साक्ष दिली, हा ठपका. मतदानाच्या वेळी अध्यक्ष स्वतः बाहेर जाऊन बसले होते. कार्यपद्धतीत दोष नव्हता. मीही ठरावाच्या बाजूने हात वर केला. मंडळाच्या सभागृहात त्याला प्रवेश नाही, कोणी नमस्कार करायचा नाही, कोणी काम द्यायचे नाही. शब्द माझेच आहेत.

"ठरावात आजारपणाचा उल्लेख नाही," मी म्हणालो.

"नाही तर नाही! पाठ फिरवली म्हणजे फिरवली. कुणीही येणार नाही, मी सगळ्यांना सांगितलंय. तू ऊठ आणि घरी जा."

"पुढचा आल्याशिवाय मला उठता येत नाही."

"पुढचा येणारच नाही म्हणतोय ना मी!"

"मग मी बसलो आहे," असे म्हणून मी फोन ठेवला. अध्यक्षांचा फोन मी आजवर कधी आधी ठेवला नव्हता. दुपारचे जेवण झाले नव्हते, त्याचा तो परिणाम असावा.

५ नोव्हेंबर, गुरुवार

कार्यालयात रजेचा निरोप दिला. साहेबांनी विचारले, "घरात कुणी आजारी?" मी म्हणालो, "भाऊ." ते म्हणाले, "तुम्हाला भाऊ आहे हे ठाऊक नव्हतं." मी खुलासा केला नाही.

पत्नी डबा घेऊन आली. दाराशीच थांबून तिने खोलीभर नजर फिरवली: भिंतीवर अर्धवट अक्षरे, कोपऱ्यात ब्रशांचे डबे, टर्पेंटाइनचा वास, छताला ओलीची पोपडी.

"अहो, किती दिवस?"

"पुढचा येईपर्यंत."

"तो येणार नाही, हे सगळ्या गावाला कळलंय. तुम्हीच तेवढे राहिलात. तुम्ही घरी जा, अंघोळ करा, झोपा. मी बसते."

"तू मंडळाची सभासद नाहीस."

"बरं. म्हणजे नियमात मी बसत नाही, माझा डबा मात्र बसतो."

रंगारी खाटेवरून हसला आणि खोकत सुटला. पत्नीने त्याला उठवून पाठीवर हात फिरवला, गरम पाणी पाजले, उशीची बाजू पालटली. मी तीन दिवस तेथे आहे. उशी पालटायची असते हे मला सुचले नव्हते.

"वहिनी," तो म्हणाला, "देवाने ह्याला माणूस करायला घेतलं होतं. ऐन वेळी माती संपली, मग लाकूड लावलं."

"मला विचारा," पत्नी म्हणाली. "रंधा मारून मारून माझी निम्मी हयात गेली."

संध्याकाळी त्याला ताप चढला. तो बरळू लागला. "चष्मा द्या त्यांना... आधी पुसा, नाहीतर रागावतील." मी माझा चष्मा पुढे केला. त्याने तो हातानेच दूर सारला. तो स्वतः चष्मा लावत नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार

काल वही उघडली नाही. ताप उतरवण्यातच दिवस गेला.

आज मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, मंडळातील सर्वांत वडीलधारे. जिना चढून ते दाराशी उभे राहिले. चपलाही काढल्या नाहीत.

"मास्तर, या ना आत," मी म्हणालो.

"नको, नको. इथूनच बरं आहे." ते आवाज चोरून म्हणाले, "कसा आहे रे तो?"

"मी बहिरा झालेलो नाही, मास्तर!" रंगारी आतून ओरडला. "मलाच विचारा!"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ठरावाचे पालन केले. माझ्याकडेच पाहत म्हणाले, "अध्यक्षांचा निरोप आहे. पुढच्या रविवारी सभा आहे. तोवर उठला नाहीस तर तुझंही नाव काढायचं ठरतंय. अरे, तीस वर्षं झाली तुला. तुझ्या वडिलांनी पहिली वीट ठेवली मंडळाची. कशासाठी हे? हा तुझा ना नात्याचा ना गोत्याचा. तुझं कधी पटलंय का त्याच्याशी?"

"नाही पटले," मी म्हणालो. "शपथ घेताना मला कोणी विचारले नव्हते, कोणाशी पटते म्हणून. शपथ मी दिली. ती परत घेण्याचा अधिकार त्याच्या वागण्याला नाही, आणि अध्यक्षांनाही नाही."

मास्तरांनी उंबरठ्याकडे पाहिले. त्यांच्या चपलेचे टोक त्याला टेकले होते. मग ते जिना उतरले.

हे सर्व मी तत्त्वासाठी करतो आहे, व्यक्तीसाठी नाही, हे पुन्हा नोंदवून ठेवतो. दुपारी रंगाऱ्याने अर्धी वाटी पेज घेतली. फार बरे वाटले.

८ नोव्हेंबर, रविवार

कंबर धरली आहे. खुर्ची लाकडी, एक पाय आखूड. रंगाऱ्याने मला त्याखाली रंगाच्या डब्याचे झाकण घालायला सांगितले. डुगडुगणे थांबले. "इतके दिवस का नाही सांगितले?" मी विचारले.

"मजा येत होती," तो म्हणाला. "फूटपट्टी डुलतेय, असा देखावा पुन्हा कुठे मिळणार?"

नंतर तो गंभीरपणे म्हणाला, "पुढचा न येणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. एकदा मी अशीच पाळी केलीय. माझी संपली, पुढचा आलाच नाही. अख्खी रात्र बसलो, दुसऱ्या दिवशी सगळं आटोपेपर्यंत बसलो."

"कोणाच्या उशाशी?"

"जाऊ दे. म्हातारा माणूस होता, गेला."

"आणि पुढची पाळी कोणाची होती? मंडळाच्या कानावर घातलेत?"

"भावाची चुगली करू का?" तो हसला. "ती सवय मला नंतर लागली."

मंडळाच्या पाळीत अशी अनियमितता घडली आणि मला ठाऊक नाही, याचे आश्चर्य वाटते. मी पद घेण्यापूर्वीची गोष्ट असावी.

१० नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. छाती मोकळी होते आहे. मला मात्र त्यांनी विचारले, "तुमचे डोळे का लाल दिसतात?" मी म्हणालो, धुळीमुळे.

आज मी रंगाऱ्याला सरळच विचारले. आठवडाभर प्रश्न जिभेवर होता.

"परक्यांपुढे भावाविरुद्ध का बोललात?"

तो छताकडे पाहत सांगू लागला. "कठडा रंगवत होतो. ब्रश टेकवला तर कठडा हलला. पायाशी सिमेंटच नव्हतं, नुसती माती भरलेली. मी ठेकेदाराला जाऊन सांगितलं. म्हणाला, रंग लाव, दिसणार नाही. पुन्हा सांगितलं. म्हणाला, तू रंगारी आहेस, रंगापुरतं बघ. तिसऱ्यांदा घरी गेलो त्याच्या. बायकोनं चहा दिला, तो बाहेरच आला नाही. मग मी काय केलं, सांगू? रंग लावला. दोन हात दिले. झकास दिसत होता कठडा. त्या बाईनं त्या रंगावर विश्वास ठेवून हात टेकला असेल."

मी त्याची उशी पालटली.

"भाऊ होता म्हणून आधी तीनदा त्याच्याच तोंडावर सांगितलं," तो म्हणाला. "परका असता तर पहिल्याच दिवशी पोलिसात गेलो असतो, आणि ती बाई आज चालत असती. आता सांग, फूटपट्टी, माझं भाऊपण कमी पडलं की जास्त झालं?"

ठराव लिहिताना मी त्याची बाजू ऐकली नव्हती. त्याला सभेत बोलावलेच नव्हते. ठेकेदार मतदानाच्या वेळी बाहेर बसले एवढ्यावर मी समाधान मानले. कार्यपद्धतीत दोष नव्हता, असे मी याच वहीत लिहिले आहे. ते वाक्य मी खोडत नाही. लाज वाटावी म्हणून राहू देतो.

विषय बदलावा म्हणून मी त्या तापातल्या चष्म्याबद्दल विचारले. तो सहज बोलून गेला, "तुझे वडील रे. शेवटी चष्मा मागत होते. म्हणाले, नीट दिसल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही. पुसून घातला, तेव्हा कुठे..." आणि एकदम भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "झोप आलीय मला."

वाक्य वडिलांचेच आहे. असे तेच बोलू शकत. हे रंगाऱ्याला अध्यक्षांनी सांगितले असणार. शेवटी तेथे तेच होते.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगात कसर आहे. कोणाला सांगितलेले नाही. आता मी आजारी पडलो तर अध्यक्ष म्हणतील, शेवटी उठलाच ना.

मावशींनी खालून हाक मारून सांगितले की दोन भाऊ गल्लीच्या तोंडाशी उभे राहून वर पाहून गेले. "या म्हटलं तर म्हणाले, इकडून चाललो होतो. दोनदा चालले बाई, इकडूनच!"

रंगारी भिंतीला धरून चार पावले चालला. पडला असता, मी धरला. "अरे, हळू! तुला कोणी सांगितले उठायला?" मी ओरडलो. त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले. का, ते कळले नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

जसे घडले तसेच लिहितो. हात जड आहे.

सभेला मी गेलो नाही, म्हणून सभाच येथे आली. जिन्यावर पायांचा आवाज झाला. अध्यक्ष पुढे, मागे पंधरावीस भाऊ, खालच्या पायरीपर्यंत. अध्यक्ष दाराच्या चौकटीबाहेर उभे राहिले.

"शेवटचं विचारतो. उठतोस की नाव काढू?"

"आत या, बोलू."

"आत येण्याची गरज नाही."

"का?" मी म्हणालो. "हा माणूस तुमच्या मते भाऊ नाही. मग ही पाळी नाही. मग ही साधी खुर्ची आहे, मी साधा पाहुणा आहे आणि हा साधा उंबरठा आहे. या आत. चहा घ्या. मला दंडाला धरून बाहेर काढा. कोणता नियम अडवतो तुम्हाला?"

कोणी हलले नाही.

"तेरा दिवसांत एकाही भावाने हा उंबरठा ओलांडला नाही. मास्तरांच्या चपला टेकल्या आणि थांबल्या. तुम्ही सगळे बाहेर उभे आहात, कारण आत पाऊल टाकले तर बसावे लागेल हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे ही पाळी आहे. म्हणजे हा भाऊ आहे. ठराव मी लिहिला. तो चुकीचा होता हे मी सांगतो. पण ठराव मोडायला माझी गरजच पडली नाही. तो तुम्हीच रोज या दाराशी मोडत आलात."

मागून कोणी तरी खाकरले. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. "तुझ्या वडिलांच्या उशाशी मी बसलो होतो. त्याचे हे पांग फेडलेस?"

तेव्हा मी विचारले. विचारायचे असे ठरवले नव्हते. "वडिलांनी शेवटी काय मागितले होते?"

"काय मागणार? शांत झोपेतच गेले. हजारदा सांगितलंय तुला."

खाटेवर रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. चष्मा मागितला आणि झोपेत गेले, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तेवढी नोंद करून ठेवतो.

नंतर खोली फिरल्यासारखी झाली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. अध्यक्ष म्हणाले, "बघा, पडायला आलाय. आता उठवा कुणीतरी." कोणी तरी म्हणजे कोण, हा प्रश्न होताच, सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

आणि खाट करकरली. रंगारी उठला. अंगावर चादर, पाय काटक्यांसारखे. भिंत धरत, ब्रशांच्या डब्याला ठेचकाळत तो माझ्या मागे आला. खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात पडल्याचे मला लाकडातून कळले.

"ऊठ भावा," तो म्हणाला, "आता मी बसतो."

जिन्यावरच्या माना वर झाल्या.

मी क्षणभर विचार केला. वाक्य बरोबर होते. हात योग्य जागी होता. बसणारा भाऊ असला तरच उठता येते. मी उठलो तर तो भाऊ ठरतो, सगळ्यांदेखत, नियमानुसार.

मी उठलो. नियमाप्रमाणे उठलो. अध्यक्षांच्या हुकमाने तेरा दिवस उठलो नव्हतो, ते रंगाऱ्याच्या एका वाक्याने उठलो. तो खुर्चीत बसला आणि मी त्याच्या खाटेवर पडलो. पांघरूण त्यानेच ओढले.

"माझं नाव काढा," मी पडल्या पडल्या म्हणालो. "पण आधी इथे पुढचा पाठवा. हा स्वतःच आजारी आहे, याला फार वेळ बसवू नका."

अध्यक्ष उलटे फिरून जिना उतरले. किती जण त्यांच्यामागे गेले ते मला दिसले नाही.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पत्नी आली. खाटेवर मी आणि खुर्चीत रंगारी, असे पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एकाला न्यायला आले तर दोन पडलेत. आता मी कुणाकुणाला उपसू?" तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. "ताप आहे. कधीपासून? खरं बोला."

"शुक्रवारपासून," रंगारी म्हणाला. "ह्याला वाटलं, कुणाला कळलं नाही."

"अरे, तू गप्प बस," मी म्हणालो.

"बघा वहिनी, अरे-तुरे करतो आता. लाकडाला पालवी फुटली."

सभासदत्व रद्द झाल्याचा निरोप अजून आलेला नाही. येईल. आला तरी माझ्या शपथेत फरक पडणार नाही. ती मंडळाने दिलेली नव्हती, मंडळाला दिलेली होती. ज्याला हे चालत नसेल त्याने या खोलीत येऊन सांगावे. दार उघडे आहे आणि खुर्ची आता डुगडुगत नाही.

हे लिहीत असताना जिन्यावर पावले वाजली. हळू, एकेका पायरीवर थांबत. रंगारी खुर्चीत पेंगत होता. त्याने एक डोळा उघडला. दाराबाहेर मास्तर उभे होते. त्यांनी आत पाहिले नाही. खाली वाकले आणि चपलांचे बंद सोडू लागले. म्हातारपणी बोटे नीट वळत नाहीत. एक चप्पल निघाली. दुसरीला वेळ लागतो आहे.

आम्ही थांबलो आहोत.

फूटपट्टी
रंगाऱ्याची खोली, खाटेवरून
१६ नोव्हेंबर